स्टेनलेसला भित्रा हात चालत नाही

गडचिरोलीच्या कुठल्याही जंगलगावात हापशीवर सकाळी रांग असते. दांडा खाली जातो, वर येतो, हंडा भरतो. तो दांडा ज्या आसावर झुलतो, तिकडे कोणी बघत नाही. डोक्यावरचं झाकण उघडल्याशिवाय तो दिसतही नाही. 20 मिलिमीटर जाडीचा, वीतभरही नसलेला स्टेनलेस स्टीलचा तुकडा, आणि त्यावर 6204 नंबरची दोन बेअरिंगं. पाणी 30 मीटरवर असेल, तर 63.5 मिलिमीटरच्या सिलिंडरवर उभा राहणारा पाण्याचा स्तंभ सुमारे 95 किलोचा होतो. 12 मिलिमीटरच्या लोखंडी सळ्या आणखी 27 किलोच्या. म्हणजे सव्वाशे किलो साखळीला लटकलेले, आणि दांडा दाबणाऱ्या बाईचा जोर त्याहून वेगळा. हे सगळं तो तुकडा पेलतो; दर मिनिटाला चाळीसेक वेळा, उन्हात आणि पावसात.

या पंपाला जग ‘इंडिया मार्क टू’ म्हणतं. त्याचं मूळ मात्र मराठी मुलखात आहे, आणि तेही छोट्या वर्कशॉपांत. त्याआधीचे बिडाचे पंप विलायती घरगुती पंपांच्या धर्तीवरचे होते. एका कुटुंबासाठी बनवलेला पंप अख्ख्या गावाने दिवसभर हापसायचा, मग तो टिकणार किती? सत्तरच्या दशकात युनिसेफने पाहणी केली तेव्हा तीन-चतुर्थांशाच्या आसपास पंप बंद सापडले. तोवर जालन्यात मिशनऱ्यांच्या बोअरच्या कामातून ‘जालना पंप’ तयार झाला होता. बिडाऐवजी पोलाद, आणि अनेक सांध्यांऐवजी एकच आस. सोलापूरच्या वेल सर्व्हिसमध्ये ऑस्कर कार्लसन यांनी ती कल्पना पुढे नेली. आसाला बंद बेअरिंग आलं, सळी सरळ रेषेत ओढली जावी म्हणून साखळी आली. या सोलापुरी पंपावरूनच मार्क टू उतरला आणि 1979 मध्ये त्याचं भारतीय मानक ठरलं, आय.एस. 9301. आज आफ्रिकेतल्या गावांतही तो हापसला जातो. सोलापूरकरांना याचा पुरेसा अभिमान नाही, असं माझं मत आहे. चादरीचा आहे.

आता हा आस एखाद्याने घरच्या लेथवर का बनवावा? बाजारात तयार मिळतो, जिल्हा परिषदेच्या दुरुस्ती पथकाकडेही असतो. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी पावसाळ्यात नेमाने येते. गडचिरोलीहून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, आणि गडचिरोलीहून नागपूरही जवळपास तेवढंच. अशा मुलखात सुटा भाग ‘मिळतो’ आणि ‘हाती येतो’ यांत आठवडाही जाऊ शकतो. म्हणून इथे लेथ लागतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा हा धानाचा पट्टा. राइस मिल ऐन हंगामात शाफ्ट तुटून बसली तर मालक स्कूटरवर तुकडे बांधून मिस्त्रीच्या दारात हजर. ‘होईल का जी?’ एवढंच विचारतो. भाव नंतर.

घरामागच्या टिनाच्या शेडमधला लेथ म्हणजे बहुधा साडेचार फुटी, बटाल्याचा नाही तर राजकोटचा, कोन पुली आणि पट्ट्यावर चालणारा, एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर लावलेला. ज्याचं नशीब जोरावर त्याच्याकडे लिलावातून सुटलेला जुना किर्लोस्कर. किर्लोस्करांनी हरिहरला 1941 मध्ये लेथचा कारखाना काढला. तिथली यंत्रं अजून कुरकुर न करता फिरतात आणि त्यांच्या मालकांना त्याचा भलता तोरा असतो. चंद्रपुरात अशा मालकांची आणि कारागिरांची वाण नाही. बल्लारपूरची पेपर मिल, वेकोलिच्या खाणी, भद्रावतीची आयुध निर्माणी, घुग्घुस-आवारपूर-गडचांदूरचे सिमेंट कारखाने, 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र. यांच्या वर्कशॉपांत उभी हयात घालवलेला टर्नर निवृत्त झाला, की त्याचे हात घरी स्वस्थ बसत नाहीत.

या हातांनी आयुष्यभर एम.एस. आणि ई.एन. आठ कापलेलं असतं. साधं पोलाद समजूतदार असतं. घाबरत घाबरत, थोडं थोडं करत कापलं तरी निभावून नेतं. स्टेनलेस निभावत नाही. नवशिका इथेच फसतो, कारण त्याला सगळ्यांनी ‘जपून कर’ एवढंच शिकवलेलं असतं.

स्टेनलेस म्हणजे मुळात क्रोमियम घातलेलं लोखंड. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून मिश्रणं करून पाहिली, आणि सुमारे 13 टक्के क्रोमियमचं पोलाद गंजत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीत श्ट्राउस आणि माउरर यांनी निकेलही घातलं. आपल्या घरातली ताटं-वाट्या या निकेलवाल्या घराण्यातल्या, किंवा तसं सांगून विकलेल्या. क्रोमियम हवेतला ऑक्सिजन धरून पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचा थर बांधतं. ओरखडा पडला तर तो थर पुन्हा धरतो. गंज अडतो तो यामुळे.

304 म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम जास्त, म्हणून पेपर मिलच्या क्लोरीनच्या भागात तो लागतो. 410 आणि 420 मध्ये निकेल जवळपास नाहीच, ते चुंबकाला चिकटतात, पंपाच्या शाफ्टला चालतात. 303 मध्ये मुद्दाम गंधक घातलेलं असतं, त्याचा बुरादा तुटून पडतो. लेथवाल्यासाठी तो सोन्यासारखा, पण नागपूरच्या बाजारात मागितला तर दुकानदार 304 च पुढे करतो. आणि मग 202. निकेल महाग, म्हणून त्यातलं बरंचसं काढून मँगनीज भरलेलं. भारतात हा माल उदंड. चुंबक याला चिकटत नाही आणि 304 लाही चिकटत नाही, तेव्हा चुंबक खिशातच ठेवावा. भंगारवाले जास्त हुशार. ते घासलेल्या जागी द्रावणाचा थेंब टाकतात, बॅटरीच्या तारा टेकवतात आणि रंग बघतात. लाल चढला की मँगनीज, म्हणजे 202.

मँगनीजचं नाव निघालंच तर एक सांगून टाकतो. चंद्रपुरातच सेलचा फेरो मँगनीजचा कारखाना आहे, पूर्वीचा महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट. एटापल्लीत सुरजागडचा लोखंडाचा डोंगर आहे, चामोर्शीत कोनसरीला प्रकल्प उभा आहे. कोळसा तर पायाखाली. या मुलखाला पोलादाची स्वप्नं आजची नाहीत. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेदजी टाटांच्या हाती 1882 मध्ये एक अहवाल पडला, रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा, चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाविषयी. पोलादाचा कारखाना काढायचं त्यांच्या मनाने घेतलं ते तिथून. वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला पाठवून तपासला, तो भट्टीला चालेना. वीस वर्षांनी त्यांचा मुलगा दोराबजी पुन्हा चांद्यात खनिज धुंडाळून गेले, आणि नागपूरच्या संग्रहालयातल्या एका नकाशाने त्यांना दुर्गकडे वळवलं. अखेर कारखाना साकचीला गेला. चांद्याकडे राहिला तो भूगोल. आजही इथल्या मिस्त्रीला स्टेनलेसची सळी हवी असेल तर ती नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत येते.

तर सळी आली. 304, 25 मिलिमीटर जाडीची. आस करायचा आहे 20 चा.

पहिला प्रश्न वेगाचा. एच.एस.एस., म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या, बिटाने स्टेनलेस कापायचं तर मिनिटाला 20 मीटरच्या आसपास. म्हणजे 25 च्या सळीला 250 आर.पी.एम. बऱ्याच जुन्या लेथवर यासाठी बॅक गिअर टाकावा लागतो आणि मग मशीन रेंगाळल्यासारखं वाटतं. वाटू द्यावं. स्टेनलेस उष्णता वाहून नेण्यात आळशी आहे, साध्या पोलादाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने नेतं. बुराद्याबरोबर जायला हवी ती उष्णता टूलच्या टोकाशी साचते, आणि वेग जास्त असेल तर बिटाचं टोक निळं पडून बसतं. कार्बाइडचा इन्सर्ट लावला तर वेग कितीतरी वाढवता येतो. पण घरच्या लेथची एक अश्वशक्ती, झिजलेला बेड आणि सैल गिब यांना तो वेग आणि तो दाब सोसतोच असं नाही. कार्बाइड ठिसूळ, थरथर झाली की कोपरा उडतो. म्हणून छोट्या लेथवर मी तरी घासलेल्या एच.एस.एस. बिटालाच मत देईन, शक्यतो पाच टक्के कोबाल्टचं. रेक थोडा जास्त, धार सहाणेवर घोटलेली, टोकाची गोलाई लहान. बिट टूल पोस्टातून बाहेर काढायचं ते गरजेपुरतंच.

दुसरा प्रश्न काटाचा, आणि खरी गोम इथे आहे. ही धातू कापताना दाबली की जागच्या जागी कडक होते. बिट घुसण्याऐवजी नुसतं घासलं, तर वरची कातडी आधीपेक्षा टणक होऊन बसते. पुढच्या फेरीत बिट त्या टणक थरावरच चालतं, आणखी घासतं, आणखी टणक करतं. दोन-तीन फेऱ्यांत जॉब आरशासारखा चमकतो. नवशिक्याला वाटतं फिनिश झकास आली. प्रत्यक्षात बिट बोथट झालेलं असतं आणि माप हललेलं नसतं. उपाय उलटा वाटतो, पण तोच आहे: काट खोल घ्यायचा, फीड सोडायचा नाही. अर्धा मिलिमीटर खोली, फेऱ्याला 0.15 चा फीड, ऑटो लावून. हाताने फिरवलं तर हात मध्येच थबकतो, आणि जिथे थबकला तिथे कडक पट्टा. काट सुरू झाला की मधे थांबून बघायचं नाही. बघायचंच असेल तर आधी बिट मागे घ्यायचं.

छोट्या लेथची खरी पंचाईत हीच. धातू म्हणते खोल ये, मशीन म्हणते मला झेपत नाही. मधला मार्ग मशीन घट्ट करण्यात आहे. क्रॉस स्लाइडचे गिब आवळायचे, कंपाउंड लॉक करायचा, सळीचं दुसरं टोक सेंटरवर धरायचं. थरथर सुरू झाली की बहुतेक जण फीड कमी करतात. इथे आर.पी.एम. कमी करून फीड तसाच ठेवायचा, जमलं तर थोडा वाढवायचा.

कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेलं सोल्युबल ऑइल, दुधासारखं पांढरं. पंप नसेल तर डबा आणि नळी टांगायची, पण धार अखंड हवी. थेंबाथेंबाने ब्रशने लावलेलं कूलंट आसाच्या टर्निंगला पुरत नाही; आट्यांना आणि ड्रिलला घट्ट कटिंग ऑइल ब्रशने चालतं.

बुरादा लांब, दाते असलेल्या फितीसारखा निघतो आणि जॉबला गुंडाळतो. तो हाताने ओढला की बोट कापलंच. आकडा वापरायचा, मशीन थांबवून. हातमोजे घालायचे नाहीत. आणि खास आपल्याकडची गोष्ट: मे महिन्यात डोक्याला, गळ्याला बांधलेला दुपट्टा लेथजवळ जाण्याआधी सोडून खुंटीला टांगायचा. फिरत्या चकला त्याचं टोक पुरतं.

आता मापाकडे. आस बेअरिंगमधून हाताने सरकायला हवा आणि खुळखुळता कामा नये. 6204 चं भोक 20 मिलिमीटर, कमी असलं तर एका शतांशाने. तेव्हा आस 19.98 वर आणावा, म्हणजे न ठोकता हाताने जातो. दोन शतांशांचा खेळ. इथे पुन्हा उष्णता आडवी येते. स्टेनलेस तापलं की साध्या पोलादापेक्षा जास्त फुगतं. जॉब काटाने 60 अंशांनी तापला असेल, तर 20 च्या व्यासात बरोबर दोन शतांश वाढतात. गरम जॉबवर मायक्रोमीटरने 19.98 वाचून समाधानाने चहा प्यायला जावं, आणि परत येऊन पाहावं तर 19.96. आस बेअरिंगमध्ये डुगडुगतो. कारागीर म्हणून शेवटच्या काटाआधी जॉब कूलंटखाली पूर्ण निवू देतात. चंद्रपूरच्या 45 अंशांच्या दुपारची चिंता मात्र करू नये. मापाचं जागतिक तापमान 20 अंश असलं, तरी मायक्रोमीटरही त्याच शेडमध्ये तापलेला असतो. दोघांच्या फुगण्यातला फरक 20 मिलिमीटरवर अडीच मायक्रॉन. त्यासाठी कोणी कूलर लावू नये, स्वतःसाठी लावावा.

लांबीतही तेच. मृत सेंटरवर धरलेली सळी तापून लांब झाली की सेंटरवर रेटते, तिथली ग्रीस जळते, सळी धनुष्यासारखी वाकते आणि मधला भाग मापात कापला जात नाही. फिरतं सेंटर वापरावं, आणि तरीही दर काटानंतर टेलस्टॉकचं चाक सैल करून पुन्हा हलकं टेकवावं.

शेवटचे काट कसे घ्यायचे, यात माणसाचा अनुभव दिसतो. 19.98 व्हायचं आणि जॉब 20.03 वर आलेला असेल, तर गेलं. पाच शतांश व्यासावर, म्हणजे अडीच शतांश खोली. इतका पातळ काट बिट घेतच नाही, घासतं. म्हणून व्यासावर 0.8 राखून थांबायचं, बिट नव्याने घासायचं, आणि उरलेलं दोन सारख्या काटांत काढायचं. पहिल्या काटात डायलवर 0.4 टाकले आणि मायक्रोमीटरने 0.37 गेल्याचं दाखवलं, तर मशीन तीन शतांश मागे लवते हे कळलं. दुसऱ्या काटातही ती तेवढीच लवणार, कारण काट तेवढाच आहे. मग डायलवर किती टाकायचं हा अंदाज उरत नाही, ती बेरीज-वजाबाकी होते. डायल व्यास दाखवते की त्रिज्या, हे आधी बघून घ्यायचं. जुन्या लेथवर दोन्ही भेटतात.

आसाच्या टोकाला नटासाठी आटे लागतात. समजा, मेट्रिक आटे पाडायचे आहेत. इथे आणखी एक जुनं दुखणं: घरातल्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंची असतो. इंची स्क्रूवरून मिलिमीटरचे आटे काढायचे तर गिअरच्या रांगेत 127 दात्यांचा गिअर बसवावा लागतो, कारण 25.4 ला पाचने गुणलं की 127 होतात. तो गिअर एकदा लावला की आटे संपेपर्यंत हाफ नट उघडायचा नाही. प्रत्येक वेळी बिट मागे घेऊन मोटर उलटी फिरवत यायचं. वीज गेली तर तसंच थांबायचं. एवढं मोठं औष्णिक केंद्र ज्या जिल्ह्यात, तिथेच हे बसून राहणं वाट्याला येतं, यावर शेडमध्ये जे बोललं जातं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. एम.एस.च्या आट्यांना शेवटी काट न वाढवता एखादी रिकामी फेरी मारायची सवय असते. स्टेनलेसवर ती मोडावी. प्रत्येक फेरीला काहीतरी कापलंच पाहिजे.

आटे झाले, नट चढवला, आणि तो अर्ध्यात जाम. पुढे जात नाही, मागे येत नाही. हा गंज नाही आणि कचराही नाही. दोन्ही भाग स्टेनलेसचे, दाबाखाली घासताना वरचा थर निघतो आणि उघडी धातू उघड्या धातूला चिकटते, जवळपास वेल्डिंगच होतं. मग नट कापूनच काढावा लागतो. आटे किंचित सैल ठेवणं, कडा पॉलिश पेपरने मोडणं आणि अँटी-सीझ नाहीतर निदान चांगली ग्रीस लावणं, एवढ्याने हे टळतं. पाना मारताना घाई नको. इथे जपून चालतं.

घासायच्या सामानाची एक सूचना. ज्या कानशीने आणि वायर ब्रशने काल एम.एस. घासलं, त्यानेच स्टेनलेस घासलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात. जुलैत त्यावर तांबडे ठिपके उमटतात आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, हे कसलं स्टेनलेस? माल अस्सल असतो, कानस उष्टी असते. कानस आणि ब्रश वेगळे ठेवावेत, त्यांच्या मुठीला रंगाची खूण करावी.

आसाइतकाच रास्त प्रश्न सळ्यांचा. काही बोअरचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. ते जस्ताचा मुलामा खातं, मग लोखंड खातं. पाणी तांबूस येतं, भात पिवळा पडतो, आणि बायका त्या हापशीचं पाणी प्यायला नेत नाहीत. जमिनीतच लोह असलेल्या जागा आहेत, पण काही ठिकाणी तो तांबूसपणा पंपाच्याच पोटातला असतो. अशा जागी स्टेनलेसच्या सळ्या टाकतात. सळी तीन मीटरची, 12 मिलिमीटर जाड, दोन्ही टोकांना आटे. एखादा उत्साही मिस्त्री ती लेथच्या स्पिंडलच्या भोकातून पार मागे काढतो आणि आटे पाडायला मशीन सुरू करतो. मागे दोन-अडीच मीटर सळी मोकळी लोंबत असते. वेग जरा वाढला की ती वाकते, वाकली की जोराने फिरते, आणि शेडमधल्या माणसाला पळायला वेळ देत नाही. हे काम लेथवर करूच नये. सळी बाकावरच्या व्हाइसमध्ये तांब्याचे जबडे लावून धरावी, टोकाला थोडा उतार घासावा, फाकवता येणारी डाय आधी सैल लावून आणि मग आवळून दोन फेऱ्यांत आटे पाडावेत, तेल भरपूर. दर अर्ध्या फेऱ्याला डाय मागे फिरवायची सवय इथे कमी करावी. बुरादा तोडण्यापुरतंच मागे, नाहीतर थांबल्या जागी धातू पुन्हा कडक. दोन माणसं लागतात. एक डाय फिरवायला, दुसरा सळीचं लांब टोक धरायला.